मुक्काम सासरी, कागद माहेरी

आमच्या उटनूर भागात सोयरीक जुळविताना राज्याची सीमा कोणी विचारात घेत नाही. मुलीचे घराणे, मुलाची शेतीवाडी आणि वागणूक, फार तर पत्रिका, एवढे पाहिले की सुपारी फुटते. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्हा, किनवट-माहूरचा डोंगराळ मुलूख, राजुरा-जिवतीकडील गावे ही आदिलाबादच्या मराठी घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोयऱ्यांची गावे होत. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तर किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ-भैंसा हा भाग आंध्र प्रदेशाकडे आला. म्हणजे किनवटची आजी उटनूरला दिली गेली तेव्हा तिचे लग्न जिल्ह्यातल्या जिल्ह्यात झाले. तिची नातसून त्याच गावाहून त्याच वाटेने आली, तर ती परराज्यातून आली असे कागद म्हणतो.

जूनमध्ये शाळेचे प्रवेश सुरू झाले की या कागदांची गाठ आम्हां शिक्षकांशी पडते. मुलाचा हात धरून आई येते. तिच्या पिशवीत माहेरच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, सासरच्या नावाचे आधार असते, आणि बहुधा दोन्हींपैकी कशाशीही न जुळणारे तिसरे एखादे कार्ड असते. महाराष्ट्रात मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव, मग आडनाव. लग्नानंतर वडिलांच्या जागी पती आणि आडनावही नवे. काही घरांत तर हौसेने मूळ नावही बदलतात. इकडे तेलुगू रिवाजात घराण्याचे नाव, ज्याला ‘इंटिपेरु’ म्हणतात, ते आधी आणि स्वतःचे नाव नंतर. कारकुनाच्या हातून हे सारे उलटसुलट होऊन एकाच बाईच्या तीन बाया होतात. लग्नाने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हे या निमित्ताने सांगून ठेवतो. हौस करावयाची तर ती घरात हाक मारण्यापुरती ठेवावी.

परंतु नावाचा घोळ हा वरवरचा. खरी गुंतागुंत अशी की, आपण ज्याला सरसकट ‘रहिवास’ म्हणतो त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. बाई आज कोठे राहते, ही एक. नोकरीच्या दृष्टीने ती कोठली ‘स्थानिक’, ही दुसरी. आणि तिची जात अथवा जमात कोणत्या राज्याच्या यादीतून मोजावयाची, ही तिसरी. लग्नाने यांतील पहिली बदलते. उरलेल्या दोन बदलत नाहीत. घरची मंडळी तिन्ही एकच समजून चालतात आणि मग वर्षानुवर्षे चपला झिजवितात.

पहिली गोष्ट तशी सोपी. विवाहाची नोंद प्रथम करून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विवाहनोंद सर्वांनाच सक्तीची असावी असे सांगितले. महाराष्ट्रात तसा कायदा १९९८ चा आणि आमच्याकडे २००२ चा आहे. ती नोंद हाती असली की पुढची दारे उघडतात. आधारवरील पत्ता बदलण्यास सुनेच्या नावावर घरपट्टी किंवा वीजबिल कोठून असणार? २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आणि नात्याच्या पुराव्याने तो बदलता येतो, ही मोठीच सोय झाली. मात्र आधार हा अधिवासाचा पुरावा नव्हे, असे त्याच्या कायद्यातच म्हटले आहे. मतदार यादीतील नाव हलविण्यास ८ क्रमांकाचा अर्ज. शिधापत्रिकेचे तेवढे कठीण, कारण माहेरच्या कार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला आल्याखेरीज सासरच्या कार्डात ते चढत नाही. आणि तेलंगणात नवी कार्डे व नव्या नावांची भर कित्येक वर्षे रखडली होती. ते काम २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात आलेल्या कितीतरी सुना माहेरी कमी झाल्या आणि सासरी वाढल्या नाहीत.

दुसरी गोष्ट स्थानिकत्वाची. येथे थोडा इतिहास पाहणे भाग आहे. निजामाच्या राज्यात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असा भेद होता. सरकारी नोकरी मुल्कीला. आणि मुल्की ठरण्यास संस्थानचा जन्म अथवा पंधरा वर्षांचा वास लागे. परंतु त्याच नियमांत एक कलम असेही होते की मुल्की पुरुषाची पत्नी ती मुल्कीच. निजामाच्या कारभाराचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. तथापि सुनेचा विचार त्या नियमकर्त्यांनी केला होता, हे मान्य केले पाहिजे. हे नियम पुढे आंध्र-तेलंगण वादाचे मूळ ठरले. सर्वोच्च न्यायालयाने ते १९७२ मध्ये वैध ठरविले, १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले, त्याच वर्षी सहा कलमी तोडगा निघाला आणि राज्यघटनेत ३७१-डी हे कलम आले. त्याखाली १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश निघाला, व वेगळ्या तेलंगणासाठी २०१८ चा.

या २०१८ च्या आदेशाने शंभरांतील पंचाण्णव जागा स्थानिकांना राखल्या. स्थानिक कोण? तर पहिली ते सातवी या सात इयत्तांपैकी किमान चार जो त्या भागात शिकला तो. ज्या मागास जिल्ह्याला बाहेरच्यांनी वर्षानुवर्षे नोकऱ्यांतून ढकलून दिले त्याने असे कुंपण घालावे, यात आम्हांस गैर वाटत नाही. पण सुनेच्या बाजूने पाहा. ती वीस वर्षांची होऊन येथे येते. ती पुढे येथे तीस वर्षे राहो, येथल्या मातीत राबो, तेलुगू अस्खलित बोलो. तिची पहिली ते सातवी किनवटलाच झालेली असते आणि ती काही परत येत नाही. पंधरा वर्षांचा वास निदान पुरा करता तरी येत होता. गेलेले बालपण कोणत्या मीसेवा केंद्रात मिळावयाचे? तिच्या वाट्यास उरतात त्या पाच जागा, ज्यांवर साऱ्यांचीच झुंबड.

युरोपातील सत्तावीस राष्ट्रांच्या संघाने या प्रश्नाची सोडवणूक कशी केली हे पाहण्यासारखे आहे. तेथे एका राष्ट्राचा नागरिक दुसऱ्यात तीन महिने मोकळेपणी राहू शकतो. पुढे राहावयाचे तर यजमान देश त्याला नोंदणी करावयास लावू शकतो, आणि पाच वर्षे रीतसर वास झाला की कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. २००४ च्या निर्देशाने जोडीदारालाही सोबत राहण्याचा हक्क दिला. लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांसाठी मात्र ‘सुलभता करावी’ एवढेच मोघम म्हटले, आणि नोंदणीच्या खिडकीशी तेथेही लोक अडतात. तरी मोजली जातात ती तेथे आल्यानंतरची वर्षे. आपण एकाच देशाचे नागरिक. कोठेही जाऊन स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने आपणांस दिला आहे. तो राहण्याचा हक्क आहे, स्थानिक ठरण्याचा नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या त्या त्या राज्यापुरत्या असतात. १९७६ च्या कायद्याने लंबाडा समाज आमच्या भागात अनुसूचित जमातींत आला. पलीकडे महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातींत आहे. बोली एक, पोशाख एक, गोत्रे एक. म्हणून किनवटच्या तांड्यावरची मुलगी उटनूरच्या तांड्यावर दिली की ती जमातीच्या यादीत आली, असे घरच्यांना वाटते. तसे होत नाही. जात जन्माने ठरते, लग्नाने नाही. आंध्रातील जमातीच्या एका विद्यार्थ्याने मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जमातीची जागा मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले की ही सवलत राज्याची वेस ओलांडून सोबत येत नाही. २०१८ मध्ये पंजाबातून उत्तराखंडात लग्न होऊन गेलेल्या वाल्मीकी समाजाच्या एका महिलेलाही हेच उत्तर मिळाले, आणि तेथे तर ती जात दोन्ही राज्यांच्या यादीत होती. हे कठोर वाटेल. परंतु बाहेरून आलेल्यांनी दाखले मिळवून आपल्या वाट्याचे नेले, ही येथील गोंड-कोलामांची तक्रार जुनी आहे आणि ती निराधार नाही. अशा वेळी एखाद्या दलालाच्या नादी लागून सुनेला जमातीचा दाखला काढून देण्याचा उद्योग कोणी करू नये. तो दाखला पुढे रद्द होतो, मिळालेली नोकरी जाते आणि गावातली पतही.

याच्या उलट टोकाला केरामेरी मंडलातील चौदा गावे आहेत. परांडोळी, अंतापूर व आसपासच्या या गावांवर तेलंगण आणि महाराष्ट्र दोघेही हक्क सांगतात. तेथील घराघरांत दोन शिधापत्रिका, दोन मतदार कार्डे, शाळाही दोन भाषांच्या. दोन ठिकाणी मतदार असण्यास १९५० चा कायदा मनाई करतो. पण दोन सरकारे जेथे आपण होऊन दारात येतात तेथे गावकऱ्याने कोणाला परत पाठवावे? तेथून जेमतेम एका दिवसाच्या वाटेवर एखाद्या सुनेला एकही सरकार आपली म्हणत नाही.

सुनेला आपली म्हणणे अशक्य आहे, असे मात्र नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना काढली, तेव्हा परराज्यात जन्मून महाराष्ट्रातील पुरुषाशी विवाह केलेल्या स्त्रीसाठी पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल असे ठरविले. म्हणजे आदिलाबादहून पलीकडे दिलेल्या लेकींची सोय झाली. आरोग्य खात्याच्या ‘आशा’ कार्यकर्तीची अट पाहावी: ती गावची रहिवासी आणि विवाहित, विधवा वा घटस्फोटित असावी. कारण उघड आहे. गावची लेक उद्या जाईल, गावची सून राहील. शासनाच्या एका खात्याला जे कळते ते दुसऱ्याला कळावयास हरकत नसावी. पहिली ते सातवीच्या जोडीला, लग्न होऊन आलेल्या स्त्रीपुरता दहा-पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्याचा पर्याय ठेवला, तर स्थानिकांच्या ताटातले फारसे काही जाणार नाही, असे आमचे मत आहे.

उटनूरहून जवळच, इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर येथे पुष्य अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाच्या गोंडांची ही पूजा. त्या कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांना तेथे नागोबाच्या भेटीस आणतात. ही भेट झाली की सून पूर्णपणे कुळाची. या सुना महाराष्ट्रातूनही येतात. कोणत्या राज्यात त्या शिकल्या, हे तेथे कोणी विचारीत नाही.

आता आमच्या मराठी घरांसाठी एक व्यवहाराची बाब. सून स्थानिक होत नाही, पण तिची मुले होतात. आणि नेमके येथेच पुष्कळ घरे चुकतात. मराठीतून शिकावे म्हणून मुलाला दुसरी-तिसरीतच आजोळी किनवटला किंवा यवतमाळला धाडतात. भाषेची ओढ आम्हांस का कळू नये? आमचे आयुष्य तीच शिकविण्यात गेले. परंतु त्या चार-पाच वर्षांत मुलगा स्वतःच्या जिल्ह्यात परका होतो आणि पलीकडेही अधिवासासाठी पंधरा वर्षांचा वास दाखवू शकत नाही. आदेश शाळा कोठे आहे हे विचारतो, माध्यम कोणते हे विचारीत नाही. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा अद्याप आहेत. पटसंख्या घटत चालली असली तरी आहेत. सातवीपर्यंत मूल तेथे ठेवावे, आणि पुढे आजोळी पाठवावयाचे तर आठवीस पाठवावे. दर इयत्तेचा अभ्यास दाखला त्या त्या वर्षीच मुख्याध्यापकाकडून सहीशिक्क्यानिशी घ्यावा. वीस वर्षांनी नोकरीच्या अर्जासाठी मागावयास याल, तेव्हा शाळेचे ते हजेरीपुस्तक वाळवीने ठेवले असेलच असे नाही.