माळावरची घाणेरी : फांदी नको, मूळ तोडा



आपल्या पालघर भागात भाताची खाचरे संपली की वर मुरमाड, खडकाळ वरकस जमीन लागते. तिथे नांगर चालत नाही. पण पावसाळ्यात तिथेच गवत उभे राहते, दिवाळीच्या सुमारास ते कापून गंजी रचली की दावणीची उन्हाळ्याची सोय होते. मुंबईच्या तबेल्यांनाही आपल्याकडचे गवत पिढ्यान्‌पिढ्या गेले आहे. १९४५ साली वारली मजुरांनी जो लढा दिला, त्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पुढे होता. गवताला आपल्याकडे एवढे मोल आहे.

त्याच माळावर आता ठिकठिकाणी घाणेरीची जाळी माजली आहेत. कोणी तिला टणटणी म्हणतात. फुले दिसायला गोजिरी, पण पान चुरगाळले की उग्र दर्प येतो आणि फांदीचे आकडेबाज काटे अंग ओरबाडतात. जिथे तिची सावली पडते तिथे गवताची काडी टिकत नाही.

माझीच चूक

या घाणेरीबाबत मी स्वतः एकदा चुकीचा सल्ला दिला होता, तो आधी सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात शिरगावला एका बैठकीत मी सांगितले, "उन्हाळ्यात कोयत्याने झुडपे छाटा, वाळू द्या आणि पेटवून द्या." लोकांनी तसे केले. माळ काळाभोर, मोकळा झाला. मलाही समाधान वाटले.

दोन पावसाळ्यांनी परत गेलो तेव्हा एका आजींनी मला हाताला धरून माळावर नेले. म्हणाल्या, "भाऊसाहेब, एका काडीच्या दहा काड्या झाल्या बघा." खरेच होते. त्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या घरचा चारा संपला होता. बाजारातून नवीनच आणलेली गाय त्यांनी माळावर सोडली. गवत नव्हते, गाईने भुकेपोटी घाणेरीचा पाला खाल्ला. तिने रवंथ सोडला, डोळे पिवळे पडले, नाकपुडीची कातडी सोलवटली आणि आठवड्याच्या आत ती गेली. आजी मला एक शब्द उलटून बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागले.

छाटून का मरत नाही?

घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. शोभेचे झाड म्हणून १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून देशभर पसरली. तिला खाणारा किडा परदेशातून आणून सोडून पाहिला, पण तेवढ्याने ती आटोक्यात आली नाही.

तिचा जीव फांदीत नसून जमिनीलगत, खोड आणि मूळ जुळतात त्या गाठीत असतो. वरून छाटले की त्या गाठीतून फुटव्यांचा झुपका येतो. आगीत पाला जळतो, गाठ मातीखाली सुरक्षित राहते. शिवाय आगीने गवताचे पडलेले बी जळते आणि घाणेरीला रान मोकळे मिळते. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आमचे झाले होते.

मग करायचे काय?

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेली एक पद्धत साधी आहे. औषध लागत नाही. कुदळ, पहार आणि कोयता पुरे.

१. पहिले चांगले पाऊस पडून मुरूम मऊ झाला की काम धरा आणि फळे पिकण्याआधी उरका. दगडात मूळ अडकले असेल तर पहारीने दगड हलवून घ्या.

२. बुंध्याभोवतीची माती उकरा. जमिनीखाली दीड-दोन इंचांवर, त्या गाठीच्या खाली, मुख्य मूळ तोडा. खालचे मूळ सहसा पुन्हा फुटत नाही.

३. झुडूप उपटून तिथेच उलटे ठेवा. मुळे आभाळाकडे राहू द्या. ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते, हे विसरू नका.

४. जिथे घाणेरी विरळ आहे त्या कडेने सुरुवात करा आणि दाट जाळीकडे सरका. उतारावर सगळा माळ एकदम उघडा करू नका. आपल्याकडचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. माती वाहून जाईल. उताराला आडवे पट्टे पाडा आणि एकाआड एक पट्टा साफ करा.

५. बुलबुल, साळुंक्या फळे खातात आणि झाडावर बसून बी टाकतात. म्हणून माळावरच्या मोठ्या झाडांखाली दरवर्षी पावसात फेरी मारा आणि कोवळी रोपे हाताने उपटा. निदान तीन वर्षे हा नेम चुकवू नका.

तणनाशकाच्या मागे लागू नका. गुरे चरतात तिथे फवारणी नको. ग्लायफोसेटच्या वापरावर तर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले आहेत.

मोकळी जागा रिकामी ठेवू नका

इथेच बहुतेकांचे काम फसते. रिकामी जमीन पुन्हा तणाचीच होते. झुडूप काढले त्याच पावसात तिथे मारवेलचे ठोंब लावा किंवा स्टायलोचे बी टाका. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते. बी काही मिनिटे कढत पाण्यात आणि मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पेरा. एकरी तीन-चार किलो बी पुरते. पहिले वर्षभर तिथे गुरे सोडू नका. गवत कापून दावणीला आणा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी पाळून माळ हिरवा केला, तो याच शिस्तीने.

काढलेल्या काड्याही वाया जात नाहीत. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरातले सोलिगा लोक त्यांच्यापासून खुर्च्या, टेबले विणतात.

गुराने पाला खाल्ला तर

गुराला ताबडतोब सावलीत बांधा, कारण या विषाने यकृत बिघडते आणि कातडीला ऊन सोसत नाही. पाणी आणि चांगला चारा पुढे ठेवा आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा. दोन दिवस वाट पाहणे महागात पडते. नवीन आणलेले आणि भुकेले जनावर घाणेरीच्या माळावर कधीही सोडू नका. मुलांनाही कच्ची हिरवी फळे खाऊ देऊ नका.

त्या आजींच्या घरच्या मंडळींनी पुढे मूळ तोडण्याचे काम तीन पावसाळे नेटाने केले. आज त्या तुकड्यावर गंजी लागते. सगळा माळ एका वर्षात साफ होणार नाही, तशी घाईही करू नका. गायरान असेल तर ग्रामसभेत विषय घ्या, वनखात्याची जमीन असेल तर आधी विचारा. पण या पावसाळ्यात आपल्या वरकसातला निदान दोन गुंठ्यांचा तुकडा तरी हाती घ्या. जेवढा साफ कराल, तेवढ्यावर त्याच पावसात गवत लावा.