फ्लॅश मेमरीच्या समभागाची पारख



स्मृतिव्याख्यानाला हा विषय काहीसा रूक्ष वाटेल. परंतु माझी हयात हिशेबतपासणीच्या व्यवसायात गेली, आणि अलीकडे ग्वाल्हेरातील निवृत्त मंडळी मला वारंवार विचारतात तो प्रश्न हाच आहे. परदेशी असलेला मुलगा किंवा नातू कळवतो, की मोबाईलपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणकगृहांपर्यंत सर्वत्र मेमरी लागते व यापुढे अधिकच लागणार. तेव्हा भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून अशा कंपनीचे समभाग घ्यावेत की नाही? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार येथील रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. म्हणजे दार उघडे आहे. आत काय आहे, ते पाहू.

ही वस्तू म्हणजे सिलिकनच्या चकतीवर केलेले असंख्य सूक्ष्म कप्पे. प्रत्येकात विद्युतभार कोंडून ठेवता येतो आणि वीज बंद झाली तरी तो तेथेच राहतो. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात हा शोध लावला. आता अशा कप्प्यांचे दोनशेहून अधिक थर एकावर एक रचले जातात. बुद्धी थक्क व्हावी असेच हे काम आहे. पण गुंतवणूकदाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. सॅमसंग, एसके हायनिक्स, कियॉक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन आणि चीनची वायएमटीसी या मोजक्या कंपन्यांचा माल बव्हंशी परस्परांच्या जागी चालतो. त्यामुळे भाव कारखानदार ठरवत नाही, बाजार ठरवतो.

मुरैन्याच्या मंडीत मोहरीला भाव चढला की पुढल्या हंगामात पेरा वाढतो आणि माल आला की भाव उतरतो. येथेही तेच घडते. फरक इतकाच, की मोहरी काही महिन्यांत हाती येते, तर मेमरीचा कारखाना उभा करून चालता करायला काही वर्षे आणि अब्जावधी डॉलर लागतात. तेजीत योजलेला कारखाना ऐन मंदीत माल ओतू लागतो. शिवाय खर्चाचा फार मोठा भाग यंत्रांच्या घसाऱ्याचा. कारखाना थांबवला तरी तो चुकत नाही. म्हणून भाव पडला तरी कंपन्या बराच काळ माल काढीत राहतात आणि भाव आणखी पडतो.

याचा परिणाम ताळेबंदात कसा उमटतो, ते मायक्रॉनच्या आकड्यांवरून दिसेल. (या कंपनीचा मुख्य धंदा डीरॅम नावाच्या दुसऱ्या मेमरीचा आहे, फ्लॅश त्याच्या खालोखाल, पण दोन्हींची चाल सारखीच.) २०२२ च्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे ३,०७६ कोटी डॉलर आणि निव्वळ नफा ८६९ कोटी डॉलर होता. पुढच्याच वर्षी विक्री जवळजवळ निम्म्यावर, १,५५४ कोटींवर आली आणि ५८३ कोटींचा तोटा झाला. २०२५ मध्ये पुन्हा विक्री ३,७३८ कोटी व नफा सुमारे ८५४ कोटी.

आता, समभाग स्वस्त की महाग हे पाहण्याची आपली रूढ रीत अशी, की बाजारभावाला दर समभागामागील मिळकतीने भागावे. २०२२ च्या मध्यास हा भागाकार दहापेक्षाही कमी येत होता. रूढ रीतीने पाहणाऱ्याला समभाग अगदी स्वस्त वाटला असता. प्रत्यक्षात मिळकतच शिखरावर होती आणि घसरण दाराशी उभी होती. उलट २०२३ मध्ये तोटा असल्यामुळे भागाकाराला अर्थच उरला नव्हता, तरी वर्षअखेरीचा भाव आदल्या वर्षअखेरीपेक्षा कितीतरी वर होता. चढउताराच्या धंद्यात हे माप असे उलटे चालते. म्हणून मी एका वर्षाची मिळकत बाजूला ठेवतो आणि तेजी-मंदीचे एक पूर्ण आवर्तन, म्हणजे किमान सात-आठ वर्षे, एकत्र घेऊन सरासरी काढतो. त्यातून नव्या यंत्रांवर झालेला खर्च वजा करून हातात रोकड किती उरली, हे पाहतो. पुष्कळदा नफा कागदावर सुंदर दिसतो आणि सगळा पुढच्या कारखान्यात जिरलेला असतो.

दुसरी तपासणी ताळेबंदाच्या मालमत्तेची. २०१६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने सॅनडिस्क सुमारे १,६०० कोटी डॉलरना विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा वेगळी केली. जून २०२५ अखेरच्या वर्षात सॅनडिस्कला सुमारे १६४ कोटी डॉलरचा तोटा झाला, कारण ताळेबंदातील ‘ख्याती’ या सदरातून १८० कोटींहून अधिक रक्कम निर्लेखित करावी लागली. मौज अशी, की त्याच २०२५ च्या अखेरीस समभागाचा भाव अनेक पटींनी चढला होता. ख्याती वगळून उरणारी मालमत्ता, म्हणजे यंत्रे, माल आणि रोकड, हाच येथे अधिक विश्वासाचा आधार. त्यातही मालाचा साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर मी थांबतो.

आणि कर्ज? २००९ मध्ये फ्लॅश बनवणारी स्पॅन्शन आणि २०१२ मध्ये जपानची डीरॅम कंपनी एल्पिडा दिवाळखोरीत गेल्या. जगाला मेमरी नको झाली होती, असे मुळीच नव्हे.

ग्वाल्हेरकरांना हे नवे वाटू नये. १९२१ साली माधव महाराजांच्या काळात येथे जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली. कापडाची गरज कधी संपली? तरी १९९० च्या दशकात ती गिरणी बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. त्याच बिर्ला समूहाची १९४७ मधील ग्वाल्हेर रेयॉन मात्र ग्रासिम या नावाने आजही चालू आहे. मालाला मागणी असणे आणि त्या मालाच्या कारखान्यात भागीदाराला पैसा मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नातवाच्या पत्रात पहिलीच असते.

१९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी निघाली तेव्हा सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत भागभांडवल पुरवले. खेळत्या भांडवलासाठी काढलेले चार लाख पौंडांचे सर्व कर्जरोखे माधव महाराजांनी घेतले. हा भेद ध्यानात घ्यावा : महाराज धनको होते, भागधारक मालक. १९२४ च्या संकटात सर दोराबजींना आपली खाजगी संपत्ती बँकेकडे गहाण ठेवून कंपनी वाचवावी लागली. अशा वेळी मालकाची पाळी सर्वांच्या शेवटी येते. मेमरीच्या समभागाने आपण मालकच होतो.

मायक्रॉनचा कारखाना गुजरातेत साणंदला आला, म्हणून समभाग घ्यावा, असेही कोणी म्हणतात. तेथे जुळणी आणि चाचणी होते. कंपनीचे भाग्य तिच्या परदेशातील कारखान्यांवर व जगाच्या भावावर अवलंबून आहे.

तेव्हा निवृत्तांना माझे उत्तर असे. ज्या पैशावर घरखर्च चालतो, तो येथे घालू नये. सात-आठ वर्षे हात लावावा लागणार नाही अशी छोटी रक्कम असेल, तर कंपन्या तोट्यात असताना, उत्पादन कमी करीत असताना आणि कर्ज हलके असताना विचार करावा. अमेरिकी कंपनी असल्यास लाभांशातून २५ टक्के कर तेथेच कापला जातो. तसेच परदेशी रहिवाशाच्या नावावरील अमेरिकी समभाग मृत्यूसमयी साठ हजार डॉलरहून अधिक किमतीचे असतील, तर अमेरिकेचा वारसाकर लागू शकतो. हिशेबाची कागदपत्रे कोठे ठेवली आहेत, ते घरच्यांना सांगून ठेवावे.