घर सांभाळणाऱ्या आईचे काम

घर सांभाळणारी आई दिवसभर करते ते काम पगाराच्या हिशेबात येत नाही, पण घराचा हिशेब तिच्यावरच उभा असतो. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 289 मिनिटे देतात, पुरुष 88. मुले, आजारी माणसे आणि वृद्ध यांच्या देखभालीची मिनिटे यात धरलेली नाहीत. ती वेगळी मोजली जातात.

कल्याणजवळच्या मोहन्यात या कामाला उल्हास नदीकाठच्या कारखान्याचा इतिहास जोडलेला आहे. नॅशनल रेयॉन म्हणजे एनआरसी हा तो कारखाना 2009 मध्ये बंद पडला. पगार थांबला तरी स्वयंपाक, शाळेचा डबा, फी, सासू-सासऱ्यांची औषधे यांतले काहीच थांबत नाही. अशा वेळी कोणता खर्च पुढे ढकलायचा हे बहुधा आईच ठरवते, आणि हा निर्णय कोणत्याही नोकरीतल्या निर्णयाइतकाच जबाबदारीचा आहे. घरातले कोणी जवळच्या आंबिवली स्थानकातून लोकलने कामाला जात असेल, तर पहाट गाडीच्या वेळेवर बेतावी लागते. स्वतःच्या विचारांसाठी तिला उरते ती दुपार, तीही मुले शाळेतून येईपर्यंतच.

कायद्याने या श्रमाची दखल घेतली, पण तीही मृत्यूनंतर. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये, कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात, अपघातात दगावलेल्या गृहिणीचे मानीव उत्पन्न धरून भरपाई देण्याचे तत्त्व ठामपणे मांडले. जिवंतपणी तिच्या नावावर बचत, घरात वाटा आणि रोजचा थोडा मोकळा वेळ असणे मात्र अजून कुटुंबाच्या मर्जीवरच अवलंबून आहे.