डायलिसिस : मशीनबरोबर पाण्याचाही हिशोब विचारा

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. पाण्याची किंमत आम्हाला कोणी शिकवायला नको. पाणी जड असले तर रंग एकसारखा बसत नाही. ब्लीचिंगचे क्लोरीन कापडात राहिले तर रंग उडतो. पण तेथे नुकसान होते ते ताग्याचे. डायलिसिसमध्ये याच दोन गोष्टी माणसाच्या जिवावर बेततात. आमच्या नात्यातील एका बुजुर्गांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला नेताना हे आमच्या ध्यानात आले.

आपण आठवड्यात पंधरा-वीस लिटर पाणी पितो व ते आतड्यांतून गाळून रक्तात जाते. डायलिसिसच्या मशीनमध्ये मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रावण फिरते. म्हणजे चार तासांत १२० लिटर आणि आठवड्याला ३६० लिटर! या पाण्यात आणि रक्तात फक्त एक पातळ पडदा असतो. त्यामुळे पिण्यास योग्य असलेले पाणी डायलिसिसला योग्य असतेच असे नाही.

म्हणून नळाचे पाणी आधी गाळतात. मग सॉफ्टनर त्याचा जडपणा काढतो, कोळशाची टाकी क्लोरीन शोषते आणि शेवटी आर.ओ. क्षार व जंतू अडवतो. सॉफ्टनर बिघडला तर रोग्याला मळमळ, उलट्या होतात व रक्तदाब वाढतो. कोळसा संपला तर क्लोरीन, क्लोरामाइन रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडतात. जंतूंचे विष आले तर थंडी वाजून ताप भरतो.

कोल्हापूरकरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी उपसा केंद्रे बुडाली व शहर टँकरवर आले. अशा वेळी साथ पसरू नये म्हणून पाण्यात क्लोरीन वाढवावे लागते. पिणाऱ्यांसाठी ते रक्षण, पण डायलिसिसच्या रोग्यासाठी तोच धोका. पाण्याचा स्रोत बदलला की तपासणी वाढवलीच पाहिजे.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला टँकरने जे पाणी आले, ते नीट शुद्ध केलेले नव्हते. त्यातील शेवाळाच्या विषाने यकृत निकामी होऊन ५० हून अधिक रोगी दगावले. मशीन होत्या, पाण्यावर नजर नव्हती.

ही नजर ठेवणे बहुधा परिचारिका व तंत्रज्ञांच्या हाती असते. प्रत्येक पाळीआधी कोळशाच्या टाकीनंतरचे पाणी घेऊन क्लोरीन तपासावे. ते लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाले तर डायलिसिस सुरू करू नये. जडपणा रोज पाहावा, जंतूंची तपासणी महिन्याला करावी आणि आकडे सहीनिशी रजिस्टरात लिहावेत.

आपले व्यापारी बंधू सढळ हाताने डायलिसिस मशीन देतात. मशीनवर नावाची पाटी लागते. कोळसा बदलण्यासाठी किंवा पाणी तपासणीसाठी मात्र सहसा कोणी देणगी देत नाही. आमची विनंती एवढीच की, चेक लिहिण्यापूर्वी पाण्याचे रजिस्टर पाहावयास मागा. शेवटची नोंद कालची आहे की महिन्यापूर्वीची, ते बघा. रोग्याच्या नातेवाइकांनीही अदबीने विचारावे, "सिस्टर, आजचे क्लोरीन तपासले का?" पाणी चोख ठेवणाऱ्या केंद्राला या प्रश्नाचा राग येणार नाही.