लाथा सुटल्या, ठोसे उरले

जपानच्या तेनशिन नासुकावाने किकबॉक्सिंगमध्ये 42 लढती खेळल्या आणि सगळ्या जिंकल्या. तिथे मिळवण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा एप्रिल 2023 मध्ये, वयाच्या 24व्या वर्षी, तो व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला. तिथेही पहिल्या सात लढती त्याने जिंकल्या. मग 24 नोव्हेंबर 2025 रोजी बँटमवेट गटाच्या जागतिक विजेतेपदासाठी त्याची गाठ ताकुमा इनोउएशी पडली. 12 फेऱ्या झाल्या आणि तिन्ही परीक्षकांनी कौल ताकुमाच्या बाजूने दिला. तेनशिनच्या अधिकृत नोंदीतला हा पहिला पराभव.

खरे तर त्याला याची चुणूक आधीच मिळाली होती. 31 डिसेंबर 2018 रोजी त्याची फ्लॉइड मेवेदरशी एक प्रदर्शनीय लढत झाली होती, फक्त ठोशांची. मेवेदर चाळिशी ओलांडलेला आणि निवृत्त, पण वजनाने बराच भारी. पहिल्याच फेरीत तेनशिन तीनदा खाली गेला आणि त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल फेकला गेला.

रिंगण तेच, हातमोजे तेच, माणूसही तोच. फक्त लाथा वजा झाल्या. वरवर पाहता खेळ सोपा व्हायला हवा. शरीराच्या दृष्टीने मात्र तो अवघड होतो, आणि मेंदूच्या दृष्टीने अधिक धोक्याचा. तो का, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यातले बरेचसे रिंगणाबाहेरच्या माणसालाही लागू पडते.

सवय जाता जात नाही

किकबॉक्सरची उभे राहण्याची पद्धत नीट पाहा. तो ताठ उभा असतो आणि पुढचा पाय हलका ठेवतो. समोरून मांडीवर लाथ आली, तर तो पाय क्षणात उचलून नडगीने ती अडवता यावी म्हणून. तो कमरेतून फारसा वाकत नाही, कारण खाली वाकलेल्या चेहऱ्यावर लाथ किंवा गुडघा बसण्याची भीती असते.

मुष्टियुद्धात नेमके उलटे. तिथे वाकणे, डोके डावी-उजवीकडे काढणे, ठोशाखालून निसटणे हाच मुख्य बचाव. अंतरही वेगळे. लाथेच्या टप्प्यात उभे राहायची सवय झालेल्याला आता निदान अर्धे पाऊल आत जाऊन लढावे लागते. समोरच्याच्या कमरेच्या हालचालीवरून लाथ ओळखणारी नजर आता खांद्यावर आणि पुढच्या पावलावर ठेवावी लागते. हे बारीक वाटेल, पण नाही. डोळ्यांनी काही टिपल्यावर शरीर हलायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. वेगवान ठोसा तेवढी सवड देत नाही. म्हणून चांगला बॉक्सर ठोसा पाहून नव्हे, तर ठोसा येणार हे आधीच ओळखून हलतो. ही ओळख हजारो तासांच्या सरावातून येते आणि ती त्या त्या खेळापुरती असते.

अशा सवयी लहान मेंदूत आणि मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांमध्ये मुरलेल्या असतात. नवी सवय शिकली म्हणून जुनी पुसली जात नाही; ती मागे दबून राहते. दमछाक झाली, घाबरगुंडी उडाली की जुनी सवय पुढे येते. सातव्या-आठव्या फेरीत थकलेला किकबॉक्सर पुन्हा ताठ उभा राहतो आणि त्याची हनुवटी वर येते. बरे, थकवाही जास्तच. किकबॉक्सिंगची लढत बहुधा तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, म्हणजे नऊ मिनिटांची. मुष्टियुद्धातल्या जागतिक विजेतेपदाच्या पुरुषांच्या लढतीत अशा 12 फेऱ्या, म्हणजे 36 मिनिटे, आणि दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती एकच मिनिट. नऊ मिनिटांसाठी घडवलेल्या हृदयाला आणि स्नायूंना चौपट काळ पुरायचे तर इंधन जाळण्याची त्यांची पद्धतच बदलावी लागते. त्याला काही महिने नव्हे, काही वर्षे लागतात.

तरीही काहींना ते साधले. थायलंडचा सेनसाक मुआंगसुरिन मुए थाय या लाथा-गुडघे-कोपरांच्या खेळातून आला आणि 1975 मध्ये अवघ्या तिसऱ्या व्यावसायिक लढतीत जगज्जेता झाला. त्याच देशाच्या खाओसाय गॅलेक्सीने 1984 मध्ये मिळवलेले विजेतेपद 19 वेळा राखले. हॉलंडची लुसिया राइकर किकबॉक्सिंगमधून आली आणि मुष्टियुद्धात एकदाही हरली नाही. लाथ मारणाऱ्याची कंबर आणि मांड्या मजबूत असतात, आणि दमदार ठोसा निघतो तो पायातूनच. हे भांडवल त्यांच्या कामी आले.

मार सगळा डोक्यावर

आता डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते तो भाग. किकबॉक्सिंगमध्ये मार वाटला जातो. मांडी, नडगी, बरगड्या, पोट आणि डोके. मांडी काळीनिळी पडते, नडगीचे हाड मोडते. या दुखापती वाईट, पण हाड जुळते. लाथा वजा झाल्या की उरतात दोनच लक्ष्ये, धड आणि डोके. त्यात फेऱ्या वाढलेल्या. मोठ्या लढतीपेक्षाही मोठा हिशेब सरावाचा असतो. नवा खेळ शिकायचा म्हणजे सरावात रोज कुणाचे तरी ठोसे खायचे. त्यांची नोंद कुठल्याही विक्रमपुस्तिकेत होत नाही.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. भांड्यात विरजलेल्या दह्यासारखा तो असतो. भांडे सरळ पुढे सरकवले तर दही फारसे हलत नाही. पण भांडे झटक्यात गर्रकन फिरवले की दही कडेपासून सुटते. हनुवटीवर बाजूने बसलेला ठोसा डोके असेच फिरवतो. मेंदू मागे राहतो आणि त्याचे नाजूक तंतू ताणले जातात. त्याचा परिणाम म्हणजे कन्कशन. माणूस गोंधळतो, झोकांड्या खातो, कधी बेशुद्ध होतो. कन्कशनमध्ये शुद्ध गेलीच पाहिजे असे नाही, हे मुद्दाम सांगतो. ताण आणखी वाढला, तर मेंदू आणि त्याचे आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा तुटतात. रक्त साचत जाते आणि मेंदूवर दाब येतो. याला सबड्युरल हिमाटोमा म्हणतात. मुष्टियुद्धातल्या बहुतेक मृत्यूंमागे हेच कारण असते.

हातमोजे यापासून वाचवत नाहीत. ते वाचवतात ठोसे मारणाऱ्याची बोटे. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारले तर हाताचे हाड मोडेल, म्हणून माणूस जपून मारतो. मोज्यांमुळे तो बिनधास्त मारतो. डोक्यावरच्या संरक्षक टोपीने जखमा कमी होतात, पण डोक्याचे फिरणे ती थांबवू शकत नाही.

वर्षानुवर्षांच्या माराचा दुसरा परिणाम सावकाश दिसतो. विस्मरण, चिडचिड, अडखळते बोलणे, हातांची थरथर. अमेरिकेतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच बॉक्सरमधल्या या आजाराचे वर्णन केले होते. त्यासाठी मोठे नॉकआउट लागतातच असे नाही. लहान लहान हजारो हादरेही पुरतात.

एका संध्याकाळी दोघे

2 ऑगस्ट 2025. तोक्योचे कोराकुएन सभागृह. त्या एका कार्यक्रमात शिगेतोशी कोतारी 12 फेऱ्या लढला आणि लढत बरोबरीत सुटली. हिरोमासा उराकावा आठव्या फेरीत हरला. दोघेही 28 वर्षांचे. दोघांच्याही मेंदूत रक्तस्राव झाला, दोघांच्याही शस्त्रक्रिया झाल्या, आणि आठवड्याभरात एका दिवसाच्या अंतराने दोघेही गेले. यातला कोतारी हरला नव्हता, हे लक्षात घ्या. शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस सुखरूप आहे, असे समजायचे नसते.

त्यानंतर जपानमध्ये प्रादेशिक विजेतेपदाच्या लढती 12 वरून 10 फेऱ्यांवर आणल्या गेल्या. असे पूर्वीही घडले आहे. 1982 मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू 14व्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत दगावला. त्यानंतर 15 फेऱ्यांच्या लढती 12 वर आल्या. या खेळात नियम सुधारतात, पण बहुतेक वेळा कुणाचा तरी जीव गेल्यावर.

धोका वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वजन उतरवणे. ठरलेल्या गटात बसण्यासाठी खेळाडू पाणी तोडतात, घाम काढतात. लढतीच्या आदल्या दिवशी वजन झाले की पाणी पितात. पण शरीराची तूट एका रात्रीत पूर्ण भरून येईलच असे नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाला पाणी कमी पडले तर काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तशा अवस्थेतल्या शरीरावर ठोसे झेलायचे, असा हा प्रकार.

थांबणारा हरत नाही

किकबॉक्सिंगमधून आलेल्यांपैकी सर्वांत यशस्वी नावांत युक्रेनचा व्हिताली क्लिच्को येतो. 47 लढती, 45 विजय, त्यातले 41 नॉकआउट. त्याचे दोन्ही पराभव मला विजयांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. एप्रिल 2000 मध्ये ख्रिस बर्डविरुद्ध तो गुणांवर स्पष्टपणे पुढे होता. पण खांद्याचे स्नायुबंध फाटले होते. नवव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठला नाही. लोकांनी त्याला पळपुटा म्हटले. जून 2003 मध्ये लेनॉक्स लुइसविरुद्धही तो पुढे होता. डोळ्यावरची जखम पापणीपर्यंत खोल गेली, आणि सहा फेऱ्यांनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून लढत थांबवली गेली. तो लढू द्या म्हणून विनवत होता. पुढच्याच वर्षी तो जगज्जेता झाला. मधल्या निवृत्तीनंतर 2008 मध्ये पुन्हा झाला. 2014 पासून तो कीवचा महापौर आहे. दोनदा वेळेवर थांबला, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले.

आपल्याकडे शहराशहरांत कराटे-किकबॉक्सिंगचे वर्ग भरतात. मुलांनी जरूर जावे. दमसास वाढतो, भीड चेपते. पालकांनी मात्र शिक्षकांना तीन प्रश्न विचारावेत. सरावात डोक्यावर मारू देता का? मार लागला तर खेळ कोण थांबवतो? स्पर्धेसाठी वजन उतरवायला लावता का? उत्तर नीट मिळाले नाही, तर दुसरा वर्ग शोधावा.

डोक्याला मार लागल्यानंतर, मग तो रिंगणात असो वा दुचाकीवरून पडून, त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही. पहिले एक-दोन दिवस माणसाला एकटे सोडायचे नाही. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलट्या, झोपेतून नीट न उठणे, बोलण्यात गोंधळ, आकडी, हातापायातली शक्ती कमी होणे किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यातले एक जरी लक्षण दिसले तरी थेट रुग्णालय गाठायचे. मनाने ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पहिला सीटी स्कॅन चांगला आला तरी लक्ष ठेवणे सोडायचे नाही. खेळात परतायचे ते लक्षणे पूर्ण गेल्यावर, पायरीपायरीने आणि डॉक्टरांना विचारून. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ द्यायचा.

आमच्या अपघात विभागात डोक्याला मार लागलेला तरुण बहुतेक वेळा एकच वाक्य म्हणतो, ‘काही नाही डॉक्टर, मी ठीक आहे.’ त्याचा दोष नाही. ठीक आहे की नाही हे ठरवणाऱ्या अवयवालाच मार लागलेला असतो. म्हणून तो निर्णय त्याच्यावर सोडायचा नसतो. तो शेजारी उभ्या असलेल्याने घ्यायचा असतो.