परिच्छेदाची मांडणी आणि वाचनाची सुलभता

मुळशी तालुक्यातील आषाढ-श्रावणाचे दिवस म्हणजे अंधाऱ्या वर्गांचे दिवस होत. पौडहून ताम्हिणीकडे जसजसे जावे तसतसा पावसाचा जोर वाढतो. सरी आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि वीज गेली म्हणजे दारातून येणाऱ्या उजेडावरच वर्ग चालवावा लागतो. अशा वर्गात तिसरीतील एखादा मुलगा हातात उताऱ्याचा कागद घेऊन वाचू लागतो. दोन ओळी तो बऱ्या वाचतो. तिसरी संपताच अडखळतो आणि पुन्हा तिसरीच वाचतो, किंवा चौथी सोडून पाचवीवर जातो. पुढे ‘खंत’ या शब्दाचे त्याच्या तोंडी ‘खत’ होते. त्याच्या नावापुढे ‘वाचन कच्चे, लक्ष नाही’ असा शेरा पडतो.

हा शेरा नेहमीच न्याय्य असतो असे नाही. ओळ चुकणे, शब्द गळणे, अनुस्वार न दिसणे या दोषांपैकी काही दोष मुलाचे नसून कागदाचे असतात. कागद कसा लिहावा वा छापावा हे शिक्षकाच्या हाती असल्याने परिच्छेदाच्या मांडणीचे नियम त्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

डोळ्याची चाल

वाचताना डोळा ओळीवरून सारखा सरकत जातो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तसे घडत नाही. डोळा लहान लहान उड्या घेतो व प्रत्येक उडीनंतर क्षणभर थांबतो. ही गोष्ट १८७९ च्या सुमारास फ्रेंच नेत्रवैद्य लुई एमिल झावाल यांच्या लेखनामुळे प्रसिद्धीस आली. सराईत वाचकाचा एक थांबा सुमारे पाव सेकंदाचा असतो. शिकाऊ मुलाचे थांबे अधिक लांब व संख्येनेही अधिक असतात आणि मागे वळून पाहणेही त्यास वरचेवर करावे लागते.

ओळ संपली की डोळ्यास एक मोठी उडी उलट दिशेने घेऊन पुढील ओळीचा आरंभ गाठावा लागतो. ओळ फार लांब असेल, अथवा दोन ओळी एकमेकींना चिकटून असतील, तर ही उडी चुकते. तिसरी ओळ पुन्हा वाचणारा मुलगा येथेच फसलेला असतो.

पोथीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत

पूर्वीच्या पोथ्यांतून शब्द सलग लिहिण्याचा प्रघात होता. मोडीत तर लिहिणारा प्रथम पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. दोन शब्दांमध्ये अंतर राखण्याची चाल नव्हती. तेव्हा हे अडत नसे, कारण पोथी वाचणारा जाणता असे व इतर जण ऐकत असत. प्रत्येक मुलाने स्वतः वाचावे ही अपेक्षा आली, तेव्हा पानाने वाचकास साहाय्य करणे भाग पडले.

हे साहाय्य मुख्यतः मुद्रणकलेने पुरविले. बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ साली छापलेल्या विल्यम केरी यांच्या मराठी व्याकरणात देवनागरी खिळे वापरले गेले. पुढे १८६९ साली जावजी दादाजी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील खिळ्यांच्या सुबकतेचा लौकिक सर्वदूर पसरला. शब्दांमधील अंतर, ओळींमधील मोकळी जागा व परिच्छेदाचा आरंभ या गोष्टी मराठी वाचकाच्या अंगवळणी पडल्या त्या छापील पुस्तकांमुळे. पुणे येथे १९६७ साली ‘बालभारती’ची स्थापना झाल्यापासून राज्यातील मुलांची पाठ्यपुस्तके तेथे तयार होऊ लागली. पाठ्यपुस्तकाची मांडणी शिक्षकाच्या हाती नसते. परंतु सरावाचे कागद, प्रश्नपत्रिका, भित्तिपत्रके व फळ्यावरील मजकूर यांचा मांडणीकार तोच असतो.

देवनागरीचे तीन मजले

देवनागरी ओळीला तीन मजले असतात. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार आणि खालच्या मजल्यावर उकार, ऋकार व पायमोड. खिळे जुळविण्याच्या एका पद्धतीत तर जुळाऱ्यास एका ओळीसाठी खिळ्यांचे तीन थर रचावे लागत. रोमन लिपीला पुरेसे होणारे ओळींमधील अंतर देवनागरीस अपुरे पडते, त्याचे कारण हेच आहे. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि अनुस्वाराचा ठिपका त्या गर्दीत हरवतो. ‘खंत’चे ‘खत’ आणि ‘चिंता’ची ‘चिता’ होते ती अशी.

जुने छापखाने दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालून हे अंतर वाढवीत. संगणकावर हेच काम एका आकड्याने होते. साधारण नियम असा ठेवावा की अक्षराचा आकार १६ पॉइंट असेल तर एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचे अंतर २४ पॉइंट, म्हणजे दीडपट असावे. (७२ पॉइंटांचा एक इंच होतो.) पहिली-दुसरीसाठी अक्षर २० पॉइंट व अंतर ३० ते ३२ पॉइंट ठेवणे हिताचे.

ओळीची लांबी व उजवी कड

प्रौढ वाचकाच्या पुस्तकात एका ओळीत आठ ते दहा शब्द सुखाने वाचले जातात. तिसरी-चौथीसाठी सहा ते आठ आणि त्याखालील वर्गांसाठी चार-पाच शब्द पुरेत. ओळ लांब ठेवणे अपरिहार्यच असेल, तर ओळींमधील अंतर त्या मानाने वाढवावे.

उजवी कड सरळ दिसावी असा मोह पुष्कळांना होतो. रुंद पानावर त्याने बिघडत नाही. अरुंद स्तंभात मात्र ते बाधक ठरते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून लिहितात, त्यामुळे शब्द लांब होतात. ‘धरणग्रस्तांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द घ्यावा. तो ओळीत मावला नाही की सबंध खाली जातो आणि वरच्या ओळीत उरलेले तीन शब्द कड गाठण्यासाठी एकमेकांपासून ताणले जातात. त्या भगदाडांत मुलाचा डोळा अडकतो. म्हणून लहान मुलांच्या कागदावर डावी कड सरळ व उजवी मोकळी ठेवावी. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नये. वरच्या वर्गांसाठी तोडणे भागच पडले तर जोडाक्षर फुटणार नाही अशा ठिकाणीच तोडावा.

अर्थानुसार ओळ

नव्याने वाचू लागलेल्या मुलासाठी आणखी एक युक्ती उपयोगी पडते. ओळ अर्थाच्या विसाव्यावर संपवावी. उदाहरणार्थ :

भातलावणी सुरू झाली की
आई पहाटेच खाचरावर जाते.
शाळा सुटल्यावर दादा
तिच्या मदतीला जातो.

यातील पहिली ओळ ‘की आई’ येथे तोडली, तर मूल ‘आई’पाशी आवाज खाली आणते व अर्थ दुभंगतो. तिसरीनंतर मात्र सलग परिच्छेदाची सवय लावावी. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा. नव्या परिच्छेदाची खूण म्हणून पहिल्या ओळीच्या आरंभी दोन अक्षरांएवढी जागा सोडावी, अथवा दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ कोरी ठेवावी. दोन्ही खुणा एकत्र नकोत. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढील पानावर जाऊ देऊ नये.

फळा, संगणक व छायाप्रत

फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ लिहिली तर मुलास मान वळवावी लागते आणि परतीची उडी हमखास चुकते. फळ्याच्या मध्यावर उभी रेघ ओढून दोन स्तंभ करावेत. अक्षराच्या उंचीसाठी एक सोपा हिशेब आहे. पुस्तकातील ४ मिलिमीटर उंचीचे अक्षर ४० सेंटिमीटर अंतरावरून वाचले जाते, म्हणजे उंची अंतराच्या शंभराव्या हिश्श्याइतकी होते. तेवढेच मोठे अक्षर ५ मीटर अंतरावर बसलेल्या मुलास दिसावयाचे तर फळ्यावर ते ५ सेंटिमीटरचे हवे.

संगणकावर मजकूर घेताना मराठी वळणाचे ल व श असलेला टंक निवडावा, कारण पाठ्यपुस्तकात एक रूप व कागदावर दुसरे असे झाल्यास नवशिक्या मुलाचा गोंधळ होतो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची रूपे निश्चित केली होती. पूर्णविराम व स्वल्पविराम शब्दास लागून द्यावेत आणि त्यांच्यानंतर जागा सोडावी. चिन्हाच्या आधी जागा सोडल्यास ते एकटेच पुढील ओळीच्या आरंभी जाऊन पडते.

कागद वाचविण्यासाठी दोन पाने लहान करून एकावर घेण्याची रीत सर्वत्र आढळते. प्रतीची प्रत काढताना प्रथम नाहीसा होतो तो अनुस्वार, मग रफार. काटकसर करावयाचीच असेल तर मजकूर कमी करावा. अक्षर लहान करू नये.

एक सोपी पारख

या गोष्टींची प्रचीती शिक्षकाने स्वतः घ्यावी. सारख्याच कठीणपणाचे दोन लहान उतारे निवडावेत. एक दाट व लांब ओळींत, दुसरा मोकळ्या व आखूड ओळींत लिहावा. अडखळणाऱ्या मुलाकडून दोन्ही वाचून घ्यावेत व त्याने ओळ कोठे सोडली, चिन्ह कोठे गाळले, याची खूण आपल्या प्रतीवर करावी. दुसऱ्या दिवशी मांडणीची अदलाबदल करून पुन्हा पाहावे. मोकळ्या मांडणीत चुका कमी झाल्या, तर उपाय कागदावर करावयाचा आहे. चुका तेवढ्याच राहिल्या, तर अक्षरओळखीकडे वळावे. दृष्टीची शंका असल्यास आरोग्य तपासणीच्या वेळी ती आवर्जून सांगावी. दाट छापलेले पुस्तक वाचावयाचे असेल तेव्हा ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरावयास द्यावी. तिने खालची गर्दी झाकली जाते आणि पुढील ओळ सापडते.

वाचनचाचणीत एका उताऱ्यावरून मुलाची इयत्तेतील पायरी ठरविली जाते. डोंगरकपारीतील पुष्कळ घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज छापील अक्षर क्वचितच असते, म्हणून तेथील मुलांसाठी शाळेने दिलेला कागद हाच वाचनाचा मोठा आधार होय. मुलाच्या नावापुढे ‘कच्चा’ हा शब्द लिहिण्यापूर्वी शिक्षकाने तो कागद एकदा दाराशी, पावसाळी उजेडात, स्वतः वाचून पाहावा.