औषधद्रव्यांची पुरवठासाखळी आणि जिल्ह्यातील वैद्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचला आहे. वमन-विरेचनापूर्वी संभार का जमवावा हे सांगताना तेथे एक अत्यंत व्यवहारी गोष्ट आली आहे. संकट समोर उभे राहिल्यावर, बाजारात खरेदी-विक्री चालू असली तरी, औषधे त्वरेने व यथायोग्य जमविणे सोपे नसते. विमानस्थानात गंगातीरी पुनर्वसू आत्रेयांनी अग्निवेशास दिलेली सूचना तर याहून स्पष्ट आहे. जनपदोद्ध्वंसाची चिन्हे दिसू लागताच, भूमी विरस होण्यापूर्वी द्रव्ये उपटून ठेवावीत. नंतर त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव तसे राहत नाहीत. परीक्षेपुरती ही वचने आपण पाठ केली. त्यांचा अर्थ आम्हांस २०२० साली बाजाराने शिकविला.

त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागली, वाहतूक थांबली. त्याच सुमारास आयुष मंत्रालयाने च्यवनप्राशाची आणि तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली. गुळवेल, अश्वगंधा, यष्टिमधु ही नावे घरोघरी पोहोचली. पुरवठा आटलेला आणि मागणी वाढलेली, अशा वेळी द्रव्य मिळेनासे होईल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात द्रव्य मिळत राहते. नाव तेच राहते आणि पोत्यातील वस्तू बदलते. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल सेवन करणाऱ्या काही रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया सुरक्षित असून तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत होऊ नये, असा खुलासा मंत्रालयाने २०२२ मध्ये केला. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. परंतु वाळलेल्या गुळवेलीचे तुकडे समोर ठेवून, ही वेल कोणत्या गावची व कोणत्या महिन्यात तोडलेली, हे विक्रेत्यास विचारून पाहावे. उत्तर मिळत नाही.

याचे कारण साखळीच्या लांबीत आहे. जंगलात गोळा करणारा, गावचा खरेदीदार, नीमचसारखी मोठी मंडी, शहरातील ठोक व्यापारी, आणि शेवटी खामगाव किंवा बुलडाण्याचे काष्ठौषधीचे दुकान. प्रत्येक टप्प्यावर माल एकमेकांत मिसळतो, तारीख व ठिकाण गळून पडते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेल्यामुळे माल लवकर येईल हे खरे. तो कोणता आहे हे त्यामुळे कळणार नाही. पुरवठ्याची जोखीम म्हणताच आपण वाहतुकीचा विचार करतो. वैद्याच्या दृष्टीने अधिक मोठी जोखीम अघोषित प्रतिनिधी द्रव्याची आहे.

अघोषित हा शब्द आम्ही हेतुतः वापरला. घोषित प्रतिनिधी ही तर आपल्याच शास्त्राची देणगी आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांपुढे अष्टवर्गाची टंचाई होतीच. मेदा-महामेदाऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा आणि ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराहीकंद ही व्यवस्था त्यांनी लिहून ठेवली. त्यासोबत अटही घातलेली आहे. योगातील अप्रधान द्रव्यालाच प्रतिनिधी घ्यावा, प्रधान द्रव्याला नाही. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात पर्यायी पुरवठ्याचे जे नियोजन शिकवितात, त्यात ही दुसरी अट सहसा सापडत नाही. वैद्याने आपल्या नेहमीच्या वीस-पंचवीस योगांपुढे प्रधान कोण, अप्रधान कोण हे टंचाई नसतानाच लिहून ठेवले, तर दुकानदाराने सुचविलेला ‘तसाच माल’ स्वीकारायचा की योगच बदलायचा, हे त्या घाईत ठरवावे लागणार नाही.

दूरच्या द्रव्यांचा प्रश्न निराळा आहे. सैंधवच घ्या. त्याचा मोठा साठा पाकिस्तानातील खेवड्याच्या खाणीत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील मालावर २०० टक्के आयातशुल्क लागले आणि मे २०२५ मध्ये तेथून होणारी सर्वच आयात, प्रत्यक्ष असो वा अन्य देशामार्गे, बंद करण्यात आली. लवणभास्कर किंवा हिंग्वाष्टक चूर्ण देणाऱ्या खेड्यातील वैद्याचा सीमेवरील राजकारणाशी असा संबंध येतो. हिंग्वाष्टकातील हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान या बाजूचा. यष्टिमधुही बहुतांशी त्याच दिशेने येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्तांतर झाले तेव्हा त्या मार्गाचा व्यापार काही काळ खंडित झाला. हिमालयातील कुष्ठ, कुटकी व जटामांसी यांच्यावर तर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध अनेक वर्षे आहेत. ही द्रव्ये आपण येथे पिकवू शकत नाही. त्यांचा साठा करावा, काटकसरीने वापरावीत. सैंधव खराब होत नाही. वर्षभराचे घेऊन ठेवण्यास कोणाची हरकत आहे?

साठा करताना मात्र शार्ङ्गधर विसरता कामा नये. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, गुटिका व लेह वर्षभर टिकतात, आसव-अरिष्टे जुनी होतील तशी गुणवान होतात. म्हणजे साठा करावयाचा तर तो अखंड द्रव्याचा किंवा संधान कल्पनेचा. टाळेबंदीच्या धास्तीने ज्यांनी चूर्णांच्या बरण्या भरून ठेवल्या, त्यांनी पैसा साठविला, वीर्य नव्हे.

आता जवळच्या द्रव्यांकडे येऊ, कारण खरा भरवसा तेथे आहे. गुडूची, कुटज, वासा, शतावरी, अश्वगंधा, सहचर, प्रसारिणी ही शार्ङ्गधरांनी सदैव ओली घ्यावयास सांगितलेल्या गणातील द्रव्ये. ओले द्रव्य दिल्लीच्या खारी बावलीतून येऊ शकत नाही. ते दवाखान्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच हवे. ही यादी पाहिली की शास्त्रकारांनी जणू प्रत्येक वैद्यास आपल्या परिसराशी बांधून ठेवले आहे असे वाटते.

आपल्या जिल्ह्याचा उत्तर भाग, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुके, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अंबाबरवा व ज्ञानगंगा ही अभयारण्ये आहेत. तेथून संग्रह करणे कायद्याने शक्य नाही आणि होऊही नये. परंतु पायथ्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला औषधी पीक नवे नाही. अकोट-तेल्हारा-अंजनगावापासून इकडे पसरलेल्या या पट्ट्यात बारी समाजाने पानमळ्यांबरोबर पानपिंपरीही सांभाळली आहे. हीच आपली पिप्पली.

मग पुरवठा का जुळत नाही? सफेद मुसळीचे उदाहरण ताजे नसले तरी बोलके आहे. २००० सालाच्या आगेमागे मुसळीच्या भावाच्या कथा गावोगाव पसरल्या. बेणे महाग विकले गेले, पीक परत विकत घेण्याचे करार झाले, आणि उत्पादन वाढताच भाव कोसळून अनेक ठिकाणी खरेदीदार दिसेनासे झाले. ज्या शेतकऱ्याने तो तोटा सोसला त्याच्यापुढे आज शतावरीचे नाव काढले तर तो हसतो. शतावरीची मुळे काढण्यास दीड वर्ष तरी लागते. सोयाबीन चार महिन्यांत खामगाव किंवा चिखलीच्या बाजारात रोख होते. येथे अडचण शेतकऱ्याच्या अज्ञानाची नसून आपल्या मागणीच्या अनिश्चिततेची आहे. आपण किती घेणार, हे आपणच कधी मोजलेले नाही.

मोजून पाहू. समजा एका वैद्याकडे कोणत्याही दिवशी तीस रुग्ण अश्वगंधा घेत आहेत, दररोज सहा ग्रॅम. दिवसाला १८० ग्रॅम, वर्षाला सुमारे ६५ किलो. असे चाळीस वैद्य एकत्र आले तर २,६०० किलो. हेक्टरी तीन ते पाच क्विंटल वाळलेले मूळ धरले तर ही गरज पाच ते नऊ हेक्टरांची आहे. म्हणजे आठ-दहा शेतकऱ्यांचे काम. ते एकाच गावातील नसावेत. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने जो पूर आला, त्यात शेती खरडून गेली. निम्मे क्षेत्र घाटाखाली व निम्मे घाटावर, चिखली-मेहकरकडे असावे, आणि तरीही गरजेचा काही भाग जुन्या व्यापाऱ्याकडूनच घेत राहावा. त्याचे दार कायमचे बंद करणे हे शहाणपणाचे नाही.

कायद्याची मर्यादाही लक्षात असावी. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३३ ईईसी मध्ये परवान्यातून सूट आहे. एकत्र खरेदी करून अखंड द्रव्य वाटून घेणे एक. एकाने चूर्ण वा अरिष्ट करून इतरांस विकणे निराळे, त्यास परवाना लागेल. ओळख पटविण्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान जवळ आहे. तेथील जिवंत झाड पाहून आलेल्या तरुण वैद्यास पोत्यातील मूळ निराळ्या डोळ्यांनी दिसते, हा आमचा अनुभव आहे.

तालुका शाखांनी आपापल्या सभासदांची वार्षिक गरज, निदान अश्वगंधा, शतावरी, गुडूची, वासा व पिप्पली या पाच द्रव्यांची, किलोत लिहून कार्यकारिणीकडे पाठवावी. भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते आणि तिचे भाकीत ऐकून आपल्या भागातील पुष्कळ शेतकरी पेरणीचे मनात ठरवितात. आपला आकडा व त्यासोबत ठरलेला भाव त्यांच्या हाती त्याआधी पडावयास हवा. म्हणून यादी फाल्गुनअखेर यावी.